साडेचारशे फुटांच्या खाली

२० फेब्रुवारी. काम : वसतिगृहाच्या बोअरमध्ये पडलेली मोटार शोधणे.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच लिहिलेलं आहे, म्हणून मीही इथूनच सुरुवात करते.

आधीच सांगून टाकते – भूत, करणी, बाहेरचं... यातलं मी काही मानत नाही. कारंजा (घाडगे) इथे मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. गच्चीवरची बाई, न्हाणीघरातलं रडणं, चिंचेवर कुणीतरी बसलेलं – सगळं ऐकलं आणि प्रत्येकाचा छडा लावला. गच्चीवरची बाई म्हणजे वाळत घातलेला गाऊन होता. न्हाणीघरात रडणारी मुलगी खरीच होती, आठवीतली, तिला घरची आठवण येत होती. इंटरनेटवरच्या या पानावर लोकांचे अनुभव मी नेमाने वाचते, पण बहुतेक वेळा मनात येतं की अहो, बॅटरी घेऊन जवळ जाऊन का नाही पाहिलंत? म्हणूनच स्वतःचा अनुभव लिहायला मला दोन वर्षं लागली. मी जवळ गेले होते. उजेडही सोबत नेला होता.

आमचं वसतिगृह हायवेपासून आत, शेताच्या कडेला आहे. त्या वर्षी शेहेचाळीस मुली होत्या. पाण्याला एकच बोअर. ती खोदली तेव्हा मी दिवसभर खुर्ची टाकून बसले होते. जागा दाखवायला संस्थेने पाणाड्या आणला होता. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, मी गप्प बसले. पण रॉड मात्र मी मोजले. पंधरा फुटी तीस रॉड. साडेचारशे फूट. शेवटी काळा दगड इतका कडक लागला की मशीनवाल्याने हात जोडले. हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा त्याचाच आहे.

अठरा तारखेला मोटार बंद पडली. दुरुस्तीवाल्यांनी पाइप वर काढायला घेतले आणि अर्ध्यात एक जोड सुटला, दोरही तुटला. मोटार शेवटच्या पाइपासकट खाली. आता ती तळाशी बसली असेल तर राहू द्यायची, तिच्यावर नवी टांगायची. मधेच अडकली असेल तर गळ टाकून ओढून काढावी लागते. कुठे आहे ते कळल्याशिवाय नवी टाकता येत नाही.

इकडे बारावीची परीक्षा सुरू. संस्थेच्या सचिवांचा फोन आला – "परवापर्यंत पाणी चालू झालं नाही तर मुलींना घरी पाठवा, घरून देतील पेपर." घरून कशा देतील? अर्ध्या मुलींच्या गावाहून सकाळच्या पेपराला पोचेल अशी बसच नाही. मी म्हटलं, पाणी चालू होईल.

वीस तारखेला सकाळी अकराला तळेगावहून युनूसभाई आला. त्याचं कामच हे – बोअरमध्ये कॅमेरा सोडायचा. पुढे छोट्या दिव्यांचं कडं असलेला जाडजूड कॅमेरा, हजार फूट काळी केबल, ती गुंडाळायचा लोखंडी रीळ आणि एक छोटा टीव्ही. केबलला दर दहा फुटांवर पांढरी पट्टी. तो पट्टी पाहून मोठ्याने आकडा म्हणतो आणि कुणीतरी तो लिहून घेतो, अशी त्याची पद्धत. लिहायला मी बसले. हजेरीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर, माझ्याच अक्षरात. तो कागद अजून आहे.

त्याने विचारलं, "मॅडम, रेकॉर्डिंग पाह्यजे का? त्याचं अलग लागते."

मी म्हटलं, "मोटार कुठे आहे ते डोळ्यांनी दिसलं की झालं. सिनेमा काय करायचाय?"

ही माझी चूक. मान्य आहे.

आमच्यासोबत तिसरी होती समीक्षा. बारावी सायन्स, रोहणा गावची. तिला त्या दिवशी पेपर नव्हता, चार दिवसांनी जीवशास्त्राचा होता. एरवी मी तिला पुस्तकाकडे हाकललं असतं, पण या मुलीला खोल समुद्राचं वेड होतं. उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही, आणि विज्ञान प्रदर्शनात हिचा तक्ता – 'समुद्राच्या तळाचे जीव'. कपाळावर दिवा असलेले मासे, काचेसारखे आरपार दिसणारे, नुसते दात असलेले. त्या तक्त्याला बक्षीस मिळालं म्हणून तो जेवणाच्या खोलीत लावला होता, आमच्या स्वयंपाकीण शोभाताई रोज म्हणायच्या, "हे भुतं पाहून पोरीइले पोई-भाजी गोड लागन का?" समीक्षाला पुढे नागपूरला मत्स्यशास्त्र शिकायचं होतं. बोअरमध्ये कॅमेरा जाणार हे कळल्यावर ती सकाळपासून माझ्या मागे होती. म्हटलं, ये बाई.

ऊन मरणाचं होतं, टीव्हीवर काही दिसेना. म्हणून मी एक काळी चादर आणली आणि आम्ही दोघी तिच्याखाली डोकं घालून बसलो. युनूसभाई बाहेर रीळ सोडत होता आणि अधूनमधून डोकं आत घालत होता. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

दोनशे दहाला पाणी लागलं. मग खालपर्यंत गोल भिंत – काळा दगड, कुठे पांढऱ्या रेघा. तीनशे. साडेतीनशे. मोटार नाही.

"बढिया हाय," युनूसभाई म्हणाला, "मधात अटकली नाई. तळाशी बसली आसन. चारशे वीस... चारशे तीस... चारशे चाळीस..."

चारशे पन्नास लिहिलं. मी वाट पाहत होते – आता गाळ दिसेल, मोटारीवरच्या पाइपाचं तोंड दिसेल.

"चारशे साठ."

मी चादरीबाहेर डोकं काढलं. "युनूसभाई, साडेचारशेचीच बोअर आहे."

"मोजाले चुकल्या असान मॅडम."

"मी चुकत नाही."

"मंग मशीनवाल्यानं फुकटात जास्त खोदून देल्ली," तो हसला. "असा मशीनवाला मले भी दाखवा."

चारशे ऐंशी. पाचशे. आतून समीक्षा म्हणाली, "मॅडम, भिंत गेली."

पाहिलं तर खरंच. साडेसहा इंचाच्या भोकात कॅमेरा असतो तेव्हा चारी बाजूंना दगड दिसतो. आता दगड नव्हता. दिव्याचा उजेड जाईल तिथवर नुसतं पाणी आणि त्यात वरून खाली हळूहळू पडणारे पांढरे कण. हजारो. पिंजलेला कापूस उडावा तसे.

"गाळ असेल," मी म्हटलं.

"गाळ असा नाई पडत मॅडम." तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "हे वरून पडते. मेलेल्या जिवांचं असते... समुद्रात पडते असं. तळाले राहणारे हेच खातेत."

मी म्हटलं, "इथून समुद्र सात-आठशे किलोमीटर आहे."

सहाशे. सातशे. युनूसभाईचं हसणं थांबलं होतं. मी विचारलं, केबल तळाशी गोळा तर होत नाही? तो म्हणाला, "गोळा झाली तं ढिली लागते, मॅडम. हे तं वजन वाढून राह्यलं. हात लावून पाहा." मी हात लावला. केबल तारेसारखी ताणलेली होती.

नऊशे चाळीसला तो थांबला. "पुढं केबल नाई माह्याजवळ. शेवटचे फेरे रिळावरच ठेवा लागते."

पडद्यावर तेच. काळं पाणी, पांढरे कण. मोटार नाही, तळ नाही, काही नाही. मी 'वर घ्या' म्हणणार तेवढ्यात समीक्षा म्हणाली, "दिवा बंद करा ना, भाऊ."

"बत्ती बुझवून कॅमेरा काय पाहीन, पोरी?"

"तिथले जीव आपल्या उजेडानं पळतेत. अंधार केला की त्यांचा उजेड दिसते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, करा. पाच मिनिटांनी काय बिघडतं?

दिवा गेला. पडदा पूर्ण काळा. मी मनात दहापर्यंत मोजलं असेल. मग उजव्या कोपऱ्यात एक निळसर ठिपका आला. त्याच्यामागे दुसरा. मग जोड्या – दोन दोन ठिपके, सारख्या अंतराने, एकामागे एक. दुरून हायवेवर ट्रकांची रांग दिसते ना, अगदी तशी. फक्त ही रांग वळत होती, मधे फुगत होती, पुन्हा बारीक होत होती. डोकं दिसलं नाही, शेपूट दिसलं नाही. मी सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एक मिनिट चाळीस सेकंद ती रांग जात होती, आणि मग थांबली. संपली नाही, थांबली.

तिघंही चादरीखाली होतो.

"तक्त्यात आहे का हे?" मी विचारलं.

"नाई." समीक्षा पडद्याला नाक लावून बसली होती. "कुठंच नाई, मॅडम. मी सगळे पाह्यले. हे कोनालेच माहीत नाई."

युनूसभाईचा हात बटनावर होता. घाबरून असेल, त्याच्याकडून दिवा लागला आणि लगेच विझला. एकदा.

ती सगळी रांग एकदा विझली आणि लागली.

त्याने पुन्हा केलं. या वेळी मुद्दाम, दोनदा. खाली दोनदा झालं.

"या अल्ला," तो म्हणाला. आणि तिसऱ्यांदा बटनाकडे हात नेला तेव्हा समीक्षाने त्याचं मनगट धरलं.

"नका करू. नका बोलवू त्याले."

"काऊन?"

"तितक्या खोल अंधारात दिवा दोनच कामाले लावतेत, भाऊ. जोडीदाराले बोलवाले, नाई तं खाणं जवळ आनाले."

तेवढ्यात बाहेर रीळ फिरला. कुणीही हात न लावता. एक फेरा, दीड फेरा... खडखड आवाज आला. युनूसभाईने चादर फेकली आणि दोन्ही पाय रिळावर रोवले. केबल ताणली गेली. मग कुणीतरी हातातलं सोडून द्यावं तशी सैल पडली. पडद्यावर एकही ठिपका नव्हता.

"वर घ्या," मी म्हटलं.

वर घ्यायला चाळीस मिनिटं लागली. एकही गाठ नाही, पीळ नाही. सरळसोट केबल आली. कॅमेरा हातात घेतला तर बोटं दुखावीत इतका गार. आमच्या बोअरचं पाणी फेब्रुवारीत कोमट असतं. मी ओलं बोट जिभेला लावलं. खारट. जहाल खारट.

दुपारी अडीचला मी पुन्हा कॅमेरा सोडायला लावला. युनूसभाई तयार नव्हता. मी म्हटलं, तुम्ही रीळ धरा, बटन मी धरते. चारशे चाळीस... चारशे पन्नास... आणि तळ. काळा दगड, बोटभर गाळ. लोखंडी वजन सोडून पाहिलं, टक्क लागलं. भिंतीला भोक नाही, भेग नाही. आणि मोटार नाही. पाइपासकट दीड माणूस उंचीची मोटार, बंद भोकातली... नाही म्हणजे नाही.

मी दुरुस्तीवाल्यांना फोन केला. "बोअर मोकळी आहे. नवी मोटार आजच टाका. तीनशेच्या खाली एक फूटही नाही."

युनूसभाईला मी गप्प राहायला सांगितलं नव्हतं, पण तो गप्प राहिला. शोभाताई राहिल्या नाहीत. त्या तांदूळ निवडत पायरीवरून सगळं ऐकत होत्या. चार वाजेपर्यंत माझ्याकडे नऊ पालकांचे फोन आले. मुली खोल्यांत कुजबुजत होत्या, जेवणाच्या खोलीतल्या माठाला कुणी हात लावेना – त्यात तर टँकरचं पाणी होतं. आणि साडेपाचला समीक्षाचे वडील, देवानंदभाऊ, दारात उभे राहिले. शांत माणूस, एरवी माझ्यासमोर खुर्चीवरही बसत नाही. त्या दिवशी बसले.

"मॅडम, पोरीले नेतो मी."

"चार दिवसांवर पेपर आहे तिचा."

"पुढच्या साली देईन."

हे 'पुढच्या साली' मला चांगलं माहीत आहे. माझ्या एकोणीस वर्षांत परीक्षेच्या तोंडावर तीन मुली घरी गेल्या, पुढच्या साली देऊ म्हणून. तिघींच्या लग्नाच्या पत्रिका आल्या. देवानंदभाऊंच्या मनात तसं काही नव्हतं. पण त्यांच्या मनात काय आहे यावर ते चालत नाही.

मी म्हटलं, "तुम्ही काय ऐकलं ते सांगा."

"बोअरमंधी सैतान निंघाला म्हनून राह्यले लोक."

"सैतान नाही निघाला. दिवे दिसले, मोठं काहीतरी दिसलं. काय होतं ते मला माहीत नाही." आणि मी त्यांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. कागद दाखवला. सचिवांनी फोनवर बजावलं होतं की पालकांना 'कॅमेऱ्यात बिघाड झाला' एवढंच सांगा. पण खोटं सांगून मुलगी ठेवून घेतली आणि उद्या तिला काही झालं, तर? आणि नाही झालं तरी, समीक्षा त्यांना खरं काय ते सांगणारच होती.

ते कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेले. "मंग ते अजून हाये खाली?"

"माहीत नाही."

"अन् त्याच बोअरचं पाणी पिईन माही पोरगी?"

समीक्षा दाराशीच उभी होती. "बाबा, मी पाह्यलं ते. मले भेव नाई वाटलं."

"तुले नाई वाटत," ते म्हणाले, "म्हूनच तं मले वाटते."

मी एवढंच म्हटलं, "देवानंदभाऊ, आता परतीची गाडी नाही. चौकीदाराच्या खोलीत झोपा. उद्या सकाळी सातला मोटार सुरू होईल. पहिलं पाणी मी पिईन, तुमच्यासमोर. मग ठरवा."

सकाळचं सांगण्याआधी राहिलेलं सांगते, कारण तुम्ही विचाराल. अडीचला पुन्हा सोडण्याआधी केबल तासभर उन्हात पडली होती. तिच्यावर पांढरा क्षार चढला, पण फक्त कॅमेऱ्याकडच्या चारशे नव्वद फुटांवर, म्हणजे जेवढी साडेचारशेच्या खाली गेली होती तेवढ्यावरच. अलीकडचा भाग काळाच्या काळा. मी तो क्षार चमच्याने खरवडून काड्यापेटीत ठेवली आणि नंतर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे नेली. त्यांनी तपासून सांगितलं, मीठ आहे, कुठलं आणलंत? भूजलाचं काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. ते आधी म्हणाले, खाली पोकळी असेल. मी विचारलं, मग दुपारी तळ कसा लागला? मग म्हणाले, काळ्या दगडात एवढी पोकळी नसतेच. आणि मोटार? त्यावर त्यांनी विषय बदलला. समीक्षाचं म्हणणं असं की समुद्राच्या तळाचे कितीतरी जीव अजून कुणी पाहिलेलेच नाहीत, तेव्हा तो समुद्र कुठवर पसरलेला आहे हे तरी कुणी पाहिलंय? माझा यावर विश्वास नाही. पण याहून बरं मला काही सुचलेलं नाही. दोन वर्षं झाली. कुणाला सुचत असेल तर लिहा; फक्त 'भास झाला असेल' असं लिहू नका. भासाला मीठ लागत नाही.

तर २१ तारीख, सकाळी सात. मुली बादल्या न घेताच अंगणात आल्या होत्या आणि बोअरपासून दहा हात लांब उभ्या होत्या. देवानंदभाऊ पुढे. समीक्षाची बॅग त्यांच्या हातात होती. मी कळ दाबली. आधी नळ नुसता फुसफुसला, मग तांबूस गढूळ पाणी आलं, मग पांढरं फेसाळ, मग स्वच्छ. मी आणखी पाच मिनिटं वाहू दिलं. स्टीलचा पेला धरला, भरला आणि सगळ्यांसमोर प्यायले. कोमट. गोड. नेहमीचं. मी दुसरा पेला भरला आणि तोही संपवला.

देवानंदभाऊंनी बॅग खाली ठेवली. पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, त्यात अर्धं शिळं पाणी होतं, ते मातीत ओतून दिलं. मग पुढे आले, वाकले, आणि नळाखाली बाटली गळ्यापर्यंत भरून घेतली. बूच लावलं. लेकीला म्हणाले, "पेपर झाला का फोन करजो." आणि आर्वीच्या गाडीसाठी फाटकाबाहेर गेले.

मी मुलींना म्हटलं, "काय पाहून राहिल्यात? बादल्या आणा." आणि टाकीचा कॉक उघडला.